डावं उजवीकडं

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझं दुकान,
शटर वर केलं की समोर उद्यमबागेची धूळ.
शटुप्पा मुतगेकर जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घेऊन आले
एक बिनवायरचा हेडफोन, काळा, घडीचा,
कुवेतच्या जावयानं पाठवलेला,
आणि हातात मावणारे तीन कॉम्प्युटर,
तिन्ही मागून आणलेले, तिन्हींच्या कंपन्या वेगळ्या.
"ह्यातला कुठला ह्याच्यासंगं बोलूलालाय ते बघ की.
तेवढा विकत घेतो. बाकीचे ज्याचे त्याला."

पहिला भाच्याचा, औषधकंपनीनं दिलेला,
काडीनं टोचायचा.
त्याला हेडफोन दिसला.
त्यानं चार आकडे मागितले, मी चार शून्यं दिली,
जोडणी झाली असं पडद्यावर लिहून आलं.
आवाज मात्र त्याच्या स्वतःच्याच पोटातून येत राहिला.
अक्षता पडल्या, संसार नाही.

दुसरा साखर कारखान्यातल्या कारकुनाचा,
बटणांच्या फटींत अजून मळीचा वास.
ह्याला वाटलं, हेडफोन म्हणजे टेलिफोन.
दोन्ही कानांत एकच आवाज, बारीक,
पत्र्याच्या पिंपातून कुणी हाक मारावी तसा.
मी तो शटुप्पांच्या कानांवर ठेवला.
"हां. केळसतैती. हाईत, दोघंबी हाईत."
दोघं कोण, मी विचारलं नाही.
मला त्या आवाजाचीच लाज वाटत होती.
"थांबा हो काका. हा स्टिरिओ आहे. ह्याची लायकी वेगळी."

तिसरा पिग्मी एजंटाचा, काचेला तडा.
त्यानं माझं जेवण खाल्लं.
जुन्या जोडण्या पुसल्या, बॅटरी काढून पुन्हा घातली,
मेनूच्या आत मेनू, त्याच्या आत एक न टिकवलेली चौकट.
टिकवली.
आणि आवाज असा आला की मी स्टुलावर बसलो.

फौंड्री. खंडेनवमीची रात्र. दोन माइक.
डाव्या कानात कुणीतरी कन्नडमधून उचलतो,
उजव्या कानात शटुप्पा, तरुण, मराठीतून ती ओळ खाली ठेवतात.
मधेच नारळ फुटतो,
आणि पाणी कुठल्या बाजूला सांडलं तेसुद्धा कळतं.

"घ्या," मी म्हटलं. थोडा छाती फुगवूनच.

ते ऐकत राहिले.
मग हेडफोन काढला, हलवला,
भांड्यात काही उरलंय का बघावं तसा.
"गुरुसिद्द कुठं गेला गा?"

"आहे की, डाव्या बाजूला."

त्यांनी डाव्या कानावर बोट ठेवलं.
"बावीस वर्षं ग्राइंडर ह्या अंगाला होता.
हा कान फौंड्रीतच ऱ्हायला."

मी पुन्हा मेनूत शिरलो.
दोन्ही आवाज एकत्र करायची सोय
तिसऱ्यात नव्हती. दुसऱ्यात होती, नकळत, आणि मी तिला हसलो होतो.
मी दुसरा त्यांच्यापुढं सरकवला.
म्हटलं, "हाच घ्या काका. माझंच चुकलं."

त्यांनी तो बाजूला केला.
हेडफोन फिरवून घातला,
एल अक्षर उजव्या कानावर,
आणि डोळे मिटले.
गेटावर मालगाडी आली, काऊंटरवरचे स्क्रू नाचले,
त्यांना काही नाही.
"ओळ उचलायच्या आधी श्वास घेतो बघ. हां... घेतला.
तवा शेजारी बसून कधी ऐकू आला न्हाई मला."

"पण आता तुमचा आवाज गेला."

"माझं मला पाठ हाय की."

पिग्मी एजंटाला किती द्यायचे ते विचारलं,
माझे पन्नास काऊंटरवर ठेवले,
उरलेले दोन पिशवीत घातले.
गेट उघडलं तसे स्कूटरींच्या मधून निघाले,
हेडफोन उलटाच,
आणि दर दुसऱ्या ओळीला
ओठ हलताना दिसत होते.